आत्या, मोकळ्या जागेत काय लावू?

आत्या, तू गेलीस आणि तुझ्या परसातल्या झाडांना पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. नळी हातात घेतली की पाठ कुठे करावी हे मला समजत नाही. घराकडे केली तर तू मागे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिलीस असं वाटतं. परसाकडे केली तर ती सगळी झाडं मिळून माझ्याकडे बघतात असं वाटतं. भूत नसतं, हे मी आठवीत असताना वडिलांच्या, म्हणजे बापूंच्या, पुस्तकांच्या स्टॉलवर उभी राहून मोठमोठ्या माणसांना समजावून सांगितलेलं आहे. उद्या कुणी विचारलं तर पुन्हा तेच सांगेन. फक्त पाणी घालताना मी आता आडवी उभी राहते. एक खांदा घराकडे, एक परसाकडे.

तू पाणी घालताना बोलायचीस. 'गुलाबराव, जरा सरका तिकडं.' 'आई, तुला काल दिलंय, आज शेवंताला घेऊ दे.' मी तुझ्याकडे राहायला आले तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, घरात पाहुणे आलेत. मी ओढणी सारखी करून बाहेर आले तर तू एकटीच.

नवीन जालन्यातल्या तुझ्या घरामागची ही जागा केवढी, तर तीन बाजूंनी भिंत, एका बाजूला मोरी, आणि मधे खाट टाकली तर चालायला वाट उरू नये एवढी. तेवढ्यात तू तुझी माणसं लावलीस. जाई म्हणजे तुझी आई, जाईबाई. गुलाब म्हणजे तुझा नवरा, आमचे गुलाबमामा. शेवंती म्हणजे तू शिकवलेली चौथीतली शेवंता, जी पुढे सासरी गेली आणि तिथून तिची फक्त बातमी आली. तुळस म्हणजे तुझ्या पहिल्या शाळेतल्या तुळसाबाई. तुझ्या वडिलांचं नाव दगडू. त्या नावाचं झाड कुठून आणायचं? तू आपल्या गावच्या, धावड्याच्या, शेतातून एक काळा दगड आणलास आणि जाईच्या बुंध्याशी ठेवलास. 'नवराबायको जवळ ऱ्हाऊ दे,' म्हणालीस. 'जित्तेपणी लई भांडले.' शेजारच्या गल्लीतल्या कुणीतरी एकदा त्या दगडाला कुंकू लावलं. तू चिडली नाहीस. घासणी घेतलीस आणि आजोबांना साबणानं आंघोळ घातलीस.

तुझा नियम एकच होता. गेलेल्याचंच झाड लावायचं. मी माझं लाव म्हणून हटून बसले होते तेव्हा तू म्हणालीस, 'जित्त्या माणसाचं लावू न्हाई. वाळलं तर आपण त्या माणसाकडं वायलंच बघाया लागतो.' मग म्हणालीस, 'अन् तुझं लावू तरी काय? समता. तुझ्या बापानं तुझं नाव पत्रकातून काढलं. पत्रकाला कुठं पालवी फुटती?'

मी तेव्हा हसले होते. आता पाणी घालताना ते वाक्य येतं आणि मला हसू येत नाही.

झाड निवडताना तू किती खोड्या काढायचीस. गुलाबमामांसाठी रोप आणायला आपण नर्सरीत गेलो, तेव्हा त्या माणसानं पिवळा, नारंगी, दोन रंगांचा, सगळे गुलाब मांडले. तू प्रत्येकाला नाक लावलंस. 'ह्याला वास न्हाई.' 'ह्यालाबी न्हाई.' तो म्हणाला, 'मॅडम, फूल बघा ना केवढं आहे.' तू म्हणालीस, 'फूल मोठं हाय, पण आमच्या मालकाच्या अंगाला तंबाखूचा तरी वास होता. ह्याला तेवढाबी न्हाई.' शेवटी तू नर्सरीतून काहीच घेतलं नाहीस. मामांच्या भावकीतल्या एका घरासमोरचा गावठी गुलाब होता, त्याची काडी मागून आणलीस. माणूस जिथला, काडी तिथलीच पाहिजे. जाईची काडी धावड्याची. शेवंतीची शेवंताच्या आईच्या दारातली. ती आई काडी देताना तुझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तूही बोलली नाहीस. बसमध्ये मांडीवर ओलं फडकं घेऊन बसलीस. फडक्यात ती काडी होती. जालना येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघितलं नाहीस.

तुळशीवरून मात्र आपण भांडलो. आपल्या घरात तुळस. बाबासाहेबांचा फोटो समोरच्या खोलीत आणि परसात तुळस. गावाकडची माणसं आली की मोरीकडे जाताना त्यांची नजर तिच्यावर पडायची आणि ती परत येताना गप्प असायची. एक चुलती तर तोंडावर म्हणाली, 'बाई, आपल्या म्हाताऱ्यांनी देव नदीत सोडले, अन् तू पुन्हा घरात आणून ऱ्हायली का?' तेव्हा तू चहा गाळत होतीस. गाळणी बाजूला ठेवून म्हणालीस, 'माझ्या पहिल्या शाळेत माझ्या हातचं पाणी पिणारी ती पहिली बाई. धनगराची. बाकीच्यांनी घरून तांबे आणले. ती मेली. तिचं नाव तुळसा. तिच्या नावाला दुसरं झाड असंल तर सांग, आजच लावते.'

चुलती गेली. मी मात्र सोडलं नाही. प्रतीकाचा अर्थ एकटं माणूस बदलू शकत नाही, असं मी म्हणाले. माझ्याच एका लेखातलं वाक्य होतं. तू म्हणालीस, 'मंग तू ये. दोघी मिळून बदलू.' मी आले नाही. म्हणजे पाणी घातलं, पण मनातून नाही. मला अजूनही वाटतं की माझा मुद्दा बिलकुल चुकीचा नव्हता. आणि मला हेही ठाऊक आहे की तुझ्यामागे त्या तुळशीला मी रोज सगळ्यात आधी पाणी घालते. दोन्ही खरं आहे. हे तुला सांगायचं राहिलं.

जाई आणि तुळस यांच्या मधे तू हातभर जागा मोकळी ठेवलीस. तिथलं गवत उपटायचीस, माती भुसभुशीत करायचीस, आणि काही लावायचं नाहीस. मी एकदा कोथिंबीर टाकू का म्हणून विचारलं. तू 'नको' एवढंच म्हणालीस, आणि आवाज असा होता की मी पुन्हा विचारलं नाही. ती जागा कुणाची ते मला तेव्हाच कळलं होतं. आता ती जागा माझ्याकडे बघते. मी तिच्यावरून पाय टाकत नाही. वळसा घालून जाते.

तुझ्या नावाचं झाड कोणतं, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. कडूबाईचा कडूलिंब. तुझ्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आजीनं तुझं नाव कडू ठेवलं. या नावावरून आपलं जे भांडण झालं ते आपण अर्धवट सोडलं. मी कॉलेजात असताना एक छोटं पत्रक लिहिलं होतं. दगडू, कडू, केरूबा, उकिरडा ही नावं आपल्या माणसांनी यापुढे ठेवू नयेत, मोठ्या माणसांनीही बदलून घ्यावीत, असं त्यात होतं. पत्रक तुला आणून दिलं. तू चष्मा लावलास, लाल पेन घेतलंस, आणि शाळेची वही तपासावी तसं तपासलंस. मी समोर उभी. तू ते परत दिलंस आणि म्हणालीस, 'शुद्धलेखन बराबर हाय. बाकीचं आपण बोलू.'

मी तेव्हाच बोलले. म्हणाले, 'आत्या, तू बी.एड. झालेली बाई आहेस. मृत्यू काय नावं वाचतो का?'

'वाचत न्हाई,' तू म्हणालीस. 'चव घेतो.'

'तुझा यावर विश्वास आहे?'

'माझा न्हाई. माझ्या आईचा होता. तिनं मला वाचवायला तिच्याजवळ जे होतं ते केलं. दवाखाना न्हवता, डॉक्टर न्हवता. एक नाव होतं. ते मी फेकून देऊ?'

मी म्हणाले, ते फेकायचं नाही, पण मिरवायचंही नाही. तू म्हणालीस, 'मी मिरवत न्हाई. मी नुसती हाक आली की ओ देते.' त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली आणि तू आत गेलीस. बाकीचं आपण बोललो नाही. तू आजारी पडलीस तेव्हा मी तो विषय काढणार होते, पण आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या नावावरून वाद घालायचा नसतो, असं मला वाटलं. आता कुणाशी घालू?

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बापू धावड्याहून आले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पिंपळाचं रोप. विहाराच्या आवारातलं, बोधिवृक्षाचं म्हणून मागून आणलेलं. बसमध्ये उभं राहून आले, रोपाला धक्का लागू नये म्हणून. तुझी राख मडक्यात होती. ती नदीत सोडायची नाही, मातीत घालून वर झाड लावायचं, हे तू स्वतःच सांगून ठेवलं होतंस. कोणतं झाड, ते सांगितलं नव्हतंस.

बापू सरळ परसात गेले आणि त्या मोकळ्या जागेपाशी उकिडवे बसले.

'अक्कानं जागा करूनच ठेवली हाय,' ते म्हणाले.

'बापू, पिंपळ आहे हा. भिंत पाडेल.'

'पाडू दे. भिंतीपरीस बुद्ध मोठा.'

'आणि जाई? ती तुमची आई आहे. पिंपळाच्या सावलीत किती दिवस राहील? गुलाब राहील? शेवंती?'

बापूंनी हात मातीवरून काढून घेतला. म्हणाले, 'मंग लिंब लावू. तिच्या नावाचा.'

'लिंब काय लहान होतो? तोही तेच करणार.'

आत्या, मी ते बोलले आणि मला पहिल्यांदा तुझी भीती वाटली. तुला तुझ्या जागी लावलं तर तू वाढणार, मोठी होणार, आणि तुझ्या सावलीत तुझी सगळी माणसं दुसऱ्यांदा मरणार. आजी, मामा, शेवंता, तुळसाबाई. आणि तुला लावलंच नाही, तर ती सगळी इथे आणि तू कुठेच नाहीस. तुला हे माहीत होतं. म्हणूनच तू बोलली नाहीस का?

'मंग तुझं काय म्हणणं हाय?' बापूंनी विचारलं.

'माहीत नाही.'

'एवढी पत्रकं लिहितीस अन् माहीत न्हाई म्हणतीस.'

त्यांना भूक लागली होती आणि मलाही. घरात भाजी नव्हती. मागच्या भिंतीवर, मोरीच्या वरच्या अंगाला, दोडक्याचा वेल चढला होता आणि त्याला कोवळे दोडके लागले होते. मी तोडले, शिरा काढल्या, चिरले, दाण्याचा कूट घालून भाजी केली. बापूंना पहिलं वाढलं. त्यांनी घास घेतला आणि ते तसेच थांबले. मग उठून धावत मोरीवर गेले. मी ताटातली फोड जिभेवर ठेवली. कडू म्हणजे इतका कडू की डोळ्यांत पाणी आलं. किती चुळा भरल्या तरी जाईना.

'चाखून बघायचं असतंय, बाई,' बापू मोरीवरून म्हणाले. 'दोडका, काकडी, आधी शेंड्याची चकती जिभेला लावायची. बारकं पोरगंबी सांगंल. तुझ्या पुस्तकात न्हाई का लिहिलेलं?'

तेवढ्यात शेजारच्या नजमाभाभी भाकरी घेऊन आल्या. कढई बघून दारातच थांबल्या.

'अगं, वो भिंतीवरचा दोडका तोडला क्या तू?'

'हो.'

'तो कडवा है ना. मॅडमला मालूम होता. पावसाळ्यात एक तोडून चाखला त्यांनी. थू केलं, अन् हसत बसल्या. मी बोल्ली, आणा इकडं, उपटून फेकते. तर बोल्ल्या, ऱ्हाऊ दे, भाभी. ह्याला कोण तोडतंय? बी धरंल.'

'अजून काय म्हणाली?'

'अजून काय? भांडे घासत होत्या.'

बापू ओल्या तोंडानं तसेच उभे होते. त्यांनी वेलाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, 'आली. अक्का आली.' आणि ते हसायला लागले. नजमाभाभी हसल्या. मीही हसले. मग बापूंनी गळ्यातला रुमाल तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढला नाही. भाभींनी भाकरी झाकून ठेवल्या आणि चहा टाकला.

मी भूत मानत नाही. उकिरड्यातल्या, खरकट्या पाण्यातल्या बीतून आपोआप एक वेल येतो, तो कडू निघतो, यात काही नवल नाही. लोक असा वेल उपटून फेकतात. तू फेकला नाहीस, एवढंच. पण त्या दिवशी संध्याकाळी त्या वेलाची पिवळी फुलं उमलायला लागली, तेव्हा मी परसाकडे पूर्ण तोंड करून उभी राहिले. आडवी नाही.

'बापू,' मी म्हणाले, 'वेल लावू. ह्याचाच.'

'कडू दोडका? राख घालून वर कडू दोडका? लोक काय म्हणतील? जन्मभर पोरं शिकवली त्या बाईनं.'

'लोक तिला जन्मभर कडूबाई म्हणाले, तेव्हा चाललं.'

'अगं, पण वेल हाय तो. दिवाळी झाली की वाळंल.'

'बी ठेवू. पावसाळ्यात परत टाकू.'

'दर वर्षी?'

'दर वर्षी.'

'पिंपळाला कुणी ध्यानात ठेवावं लागत न्हाई,' बापू म्हणाले. 'लावला की झालं. तो आपला आपण वाढतो. ह्याचं तसं न्हाई. एक साल इसरलीस की अक्का गेली.'

'हो,' मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पिंपळाच्या रोपावर पाणी शिंपडून ते दाराजवळ आडोशाला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भंतेजी आले, माणसं आली, वंदना झाली. पिंपळ विहाराच्या मैदानाला दिला. तिथे त्याला हवं तेवढं पसरता येईल. राख बापूंनी स्वतःच्या हातांनी त्या मोकळ्या जागेत कालवली. वर काही लावलं नाही. बी अजून वेलावर आहे. दोन दोडके पिकायला ठेवलेत. ते वाळतील, आत खुळखुळतील, तेव्हा काढेन. तोवर ती जागा मोकळीच राहणार. गवत मी उपटेन.

आत्या, एक सांगते, राग मानू नकोस. मुलीचं नाव कडू ठेवू नये, हे मी आजही म्हणते, उद्याही लिहीन. आईच्या हातात नाव सोडून दुसरं काहीच नसावं, याचाच मला राग आहे. त्या रागावर तू कधी लाल पेन फिरवलं नाहीस. तुलाही तो होता, असं मी धरून चालले आहे. तू नाही म्हणायला आता येणार नाहीस, आणि तू नाही म्हणायला यावंस म्हणून मी दारं उघडी ठेवते. दोन्ही खरं आहे.

काल तुझ्या शाळेतली एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. कडेवर मूल, सोबत सासू. मी चहा केला. सासू मोरीवर हात धुवायला गेली आणि तिथूनच म्हणाली, 'दोडके पार निबर होऊन चालले की. तोडले न्हाईत का?'

मी म्हणाले, 'ते कडू आहेत.'

'मंग ठेवले कशाला? उपटून टाका. जागा मोकळी होईल.'

विद्यार्थिनी कावरीबावरी झाली. मी उठले, आतली खुर्ची परसात आणली, ती मोकळी जागा सोडून जिथे मावेल तिथे मांडली, आणि त्या बाईला म्हणाले, 'बसा, मावशी. सांगते.'